क्लायंट सर्टिफिकेट आणि नोड : वाचकांच्या शंका

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न नोड डॉट जेएसवर (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) चालणाऱ्या सर्व्हरमधल्या क्लायंट सर्टिफिकेटच्या, म्हणजे जोडणाऱ्याने ओळख पटवायला दाखवलेल्या डिजिटल प्रमाणपत्राच्या, तपासणीबद्दल आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून, थोडे आटोपशीर करून इथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या सेवेत काही पानं सगळ्यांसाठी खुली आहेत, तर काही फक्त सर्टिफिकेट असलेल्या भागीदार कंपन्यांसाठी. म्हणून सर्व्हर तयार करताना रिक्वेस्टसर्ट (सर्टिफिकेट मागा) हा पर्याय ट्रू आणि रिजेक्टअनऑथराइज्ड (तपासणीत नापास झालेल्याला नाकारा) फॉल्स ठेवला आहे. बंद पानांवर गेटपीअरसर्टिफिकेट हे फंक्शन बोलावून त्यातलं सब्जेक्टचं (धारकाचं) सीएन, म्हणजे कॉमन नेम, आमच्या यादीशी ताडून पाहतो. सुरक्षा तपासणीला आलेल्या सल्लागारांनी याला ‘गंभीर’ शेरा दिला. सर्टिफिकेट तर मागतोच आहोत, मग चुकतंय कुठे?

उत्तर : सल्लागारांचं म्हणणं बरोबर आहे. रिजेक्टअनऑथराइज्ड फॉल्स केलं की नोड सर्टिफिकेट तपासतो, पण तपासणीत नापास झालेलं कनेक्शन तोडत नाही. निकाल फक्त सॉकेटवर लिहून ठेवतो. ऑथराइज्ड हा गुणधर्म ट्रू किंवा फॉल्स असतो आणि फॉल्स असेल तर कारण ऑथरायझेशनएररमध्ये मिळतं. गेटपीअरसर्टिफिकेट मात्र या निकालाकडे ढुंकूनही पाहत नाही. समोरच्याने जे सर्टिफिकेट दिलं ते तसंच्या तसं तुमच्या हातात ठेवतं.

म्हणजे कुणीही घरबसल्या स्वतःच स्वतःला सर्टिफिकेट देऊ शकतो. ओपनएसएसएल या सर्टिफिकेटं हाताळणाऱ्या साधनाची रेक कमांड एक्स५०९ पर्यायासह चालवायची, सब्जेक्टमध्ये तुमच्या यादीतलं एखादं सीएन घालायचं, की एका मिनिटात सर्टिफिकेट आणि खासगी किल्ली तयार. ती जोडी कर्लला (कमांडवरून विनंती पाठवणारं साधन) सर्ट आणि की या पर्यायांनी देऊन बंद पानाला विनंती पाठवून बघा. आज तुमच्याकडे २००, म्हणजे होकार, येईल. त्याच वेळी सॉकेटवरचं ऑथरायझेशनएरर छापलंत, तर तिथे ‘डेप्थ_झिरो_सेल्फ_साइन्ड_सर्ट’ असं स्पष्ट लिहिलेलं दिसेल. नोडने सांगितलं होतं, कोडने विचारलं नाही.

टीएलएस या जोडणी सुरक्षित करणाऱ्या प्रोटोकॉलच्या हस्तांदोलनातून, म्हणजे सुरुवातीच्या देवाणघेवाणीतून, एवढंच सिद्ध होतं, की या सर्टिफिकेटची खासगी किल्ली समोरच्याकडे आहे. ते सर्टिफिकेट तुमच्या विश्वासातल्या सीएने (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेने) दिलं आहे का, हे सर्टिफिकेटपासून मूळ सीएपर्यंतच्या सह्यांच्या साखळीच्या तपासणीतून कळतं. आणि ही व्यक्ती किंवा यंत्रणा या पानावर यायला पात्र आहे का, हे फक्त तुमचा कोड ठरवू शकतो. तुम्ही मधली पायरी गाळून पहिलीवरून थेट तिसरीवर गेलात.

दुरुस्ती अशी : बंद पानांच्या आधी बसणाऱ्या मिडलवेअरमध्ये सगळ्यात आधी रिक्वेस्टच्या सॉकेटवरचं ऑथराइज्ड काटेकोरपणे ट्रू आहे का बघा. नसेल तर तिथूनच ४०३ (प्रवेश नाकारला) पाठवा. सर्टिफिकेटमधली नावं वाचायची ती त्यानंतर. सर्टिफिकेट दिलंच नसेल तर गेटपीअरसर्टिफिकेट रिकामं ऑब्जेक्ट देतं आणि त्यावर सब्जेक्टचं सीएन वाचायला गेलं की टाइपएरर येतो. ऑथराइज्ड आधी तपासलं की हाही त्रास वाचतो.

एक जागा हमखास विसरली जाते ती वेबसॉकेटची. साधं कनेक्शन वेबसॉकेटमध्ये बदलण्याची, म्हणजे अपग्रेडची, विनंती एक्सप्रेस या नोडच्या वेब फ्रेमवर्कच्या मिडलवेअरमधून जात नाही. सर्व्हरच्या ‘अपग्रेड’ इव्हेंटला ती वेगळी मिळते. तिथेही हीच तपासणी हाताने लिहावी लागते, नाहीतर पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार सताड उघडं.

शक्य असेल तर याहून सरळ मार्ग घ्या. बंद भागाला वेगळं पोर्ट किंवा वेगळा सर्व्हर द्या आणि तिथे रिजेक्टअनऑथराइज्ड मूळ ट्रू किमतीवरच राहू द्या. एकाच कनेक्शनवर ठरावीक पानापुरतं मध्येच सर्टिफिकेट मागायचं, हा जुना प्रकार रिनेगोशिएशनवर (चालू कनेक्शनवर पुन्हा हस्तांदोलन) चालायचा. टीएलएस १.३ मध्ये रिनेगोशिएशनच नाही.

प्रश्न : रिक्वेस्टसर्टची किंमत आम्ही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घेतो. चाचणीच्या सर्व्हरवर ‘फॉल्स’, खऱ्या सर्व्हरवर ‘ट्रू’. खऱ्या सर्व्हरवर सर्टिफिकेटशिवायही सगळं चालतंय. लॉगमध्ये एकही एरर नाही.

उत्तर : एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल कायम स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, असतं. नोडच्या टीएलएस सर्व्हरमध्ये रिक्वेस्टसर्टची तुलना तिहेरी बरोबरच्या चिन्हाने बुलियन (खरं-खोटं प्रकारच्या) ट्रूशी होते. तुमची ‘ट्रू’ ही स्ट्रिंग त्या तुलनेत नापास होते, १ हा अंकही होतो. मग सर्व्हर सर्टिफिकेट मागतच नाही, आणि मागितलंच नाही तर रिजेक्टअनऑथराइज्डला काही कामच उरत नाही. एरर यायचं कारणच नाही.

रिजेक्टअनऑथराइज्डची तुलना नेमकी उलट्या बाजूने आहे. बुलियन फॉल्स सोडून काहीही दिलं तरी सर्व्हर ते ट्रू धरतो. त्यामुळे तिथे चूक झालीच तर दार बंद होतं, उघडं राहत नाही. रिक्वेस्टसर्टच्या बाबतीत तशी सोय नाही.

व्हेरिएबलची तुलना ‘ट्रू’ या स्ट्रिंगशी करून आलेलं बुलियन पर्यायात द्या. आणि सर्व्हर सुरू झाल्यावर सर्टिफिकेटशिवाय एक विनंती पाठवून ती नाकारली जाते का, ही चाचणी डिप्लॉयमेंटच्या स्क्रिप्टमध्येच घाला. होकाराची चाचणी सगळे करतात. इथे नकाराची चाचणी जास्त मोलाची आहे.

प्रश्न : आमच्याकडे एक जुना सर्व्हर नोड १४.१७ वर अडकला आहे. जानेवारी २०२२ मध्ये सर्टिफिकेटसंबंधी तीन त्रुटी जाहीर झाल्या होत्या. त्या ‘होस्टनेम’च्या तपासणीशी (सर्व्हरचं नाव सर्टिफिकेटमधल्या नावाशी जुळतं का) संबंधित आहेत, म्हणजे नोड क्लायंट असताना. आम्ही तर सर्व्हर आहोत. मग आम्हाला काय धोका?

उत्तर : अर्धं बरोबर आहे. १० जानेवारी २०२२ रोजी १२.२२.९, १४.१८.३, १६.१३.२ आणि १७.३.१ या आवृत्त्या आल्या. त्यांत सीव्हीई-२०२१-४४५३१, ४४५३२ आणि ४४५३३ या त्रुटी (सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटीला दिलेला क्रमांक) दुरुस्त झाल्या. पहिल्या दोन नोडच्या स्वतःच्या होस्टनेम तपासणीतल्या. ती तपासणी नोड क्लायंट असतानाच करतो. सर्व्हर म्हणून नोड समोरच्या सर्टिफिकेटमधलं नाव कशाशीच ताडत नाही.

पण मूळ दुखणं कुठे होतं ते बघा. नोड सर्टिफिकेटमधली सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम्स, म्हणजे सॅन, एका लांब स्ट्रिंगमध्ये रचून देतो. ‘डीएनएस:’ आणि नाव, स्वल्पविराम, स्पेस, पुन्हा ‘डीएनएस:’ आणि पुढचं नाव. मग हीच स्ट्रिंग स्वल्पविराम आणि स्पेसवर तोडून नावं परत काढली जायची. आता एका नावाच्या पोटातच कुणी स्वल्पविराम, स्पेस, ‘डीएनएस:’ आणि दुसऱ्याचं नाव घातलं तर? सर्टिफिकेटमध्ये नोंद एक, तोडल्यावर नावं दोन. मधल्या सीएवर नावांची मर्यादा घातलेली असली तरी ती चुकवता यायची, कारण मर्यादा तपासताना ओपनएसएसएल एकच विचित्र नाव बघत होता आणि नोड दोन सरळ नावं बघत होता. एसक्यूएल इंजेक्शनचाच (मजकुरातून आज्ञा घुसवण्याचा हल्ला) हा भाऊबंद.

आता तुमच्या सर्व्हरचा कोड बघा. भागीदाराची ओळख पटवायला गेटपीअरसर्टिफिकेटमधलं सब्जेक्टऑल्टनेम घेऊन तुम्हीही ते स्वल्पविरामावर तोडत असाल, तर तीच चूक तुमच्या कोडमध्ये आहे, आणि ती नोड बदलूनही आपोआप जाणार नाही. दुरुस्त आवृत्त्या शंकास्पद नाव दुहेरी अवतरणात, जेसनच्या स्ट्रिंगसारखं लिहून देतात. तुमचा कोड अवतरणं ओळखत नसेल तर त्याचं तोडणं अजूनही भाबडंच आहे.

तिसरी त्रुटी, ४४५३३, तर थेट अशाच कोडबद्दल होती. सब्जेक्टमधले घटक नोड संदिग्ध पद्धतीने मांडत असे. त्यामुळे एका साध्या घटकाच्या मजकुरात लपवलेलं सीएन वेगळा घटक म्हणून वाचलं जाऊ शकायचं. नोड स्वतः त्यात फसत नव्हता, पण ती मांडणी वाचणारा इतरांचा कोड फसू शकत होता.

अशी सर्टिफिकेटं देईल कोण, असं वाटेल. नावाजलेले सार्वजनिक सीए असलं नाव सहसा मंजूर करणार नाहीत. पण क्लायंट सर्टिफिकेटांचा सीए बहुधा घरचाच असतो. ओपनएसएसएलच्या कॉन्फिगरेशनमध्ये कॉपी_एक्स्टेन्शन्स ही ओळ ‘कॉपी’ किंवा ‘कॉपीऑल’ ठेवलेली असेल, तर अर्जदाराने सीएसआरमध्ये (सर्टिफिकेटसाठीच्या अर्जात) लिहिलेलं सॅन सही होऊन जसंच्या तसं सर्टिफिकेटमध्ये उतरतं. आपल्या सीएची ती ओळ आजच तपासा. सॅन अर्जातून घेण्याऐवजी आपल्याकडच्या नोंदीवरून भरावं.

वाचायची सुरक्षित पद्धत : गेटपीअरएक्स५०९सर्टिफिकेट हे फंक्शन १५.९ पासून आहे. त्यातून मिळालेल्या ऑब्जेक्टवर चेकहोस्ट बोलवा, सब्जेक्ट हा पर्याय ‘नेव्हर’ आणि वाइल्डकार्ड्स फॉल्स ठेवा. ही तुलना ओपनएसएसएलच्या आत मूळ रचनेवर होते, मधल्या स्ट्रिंगचा संबंध येत नाही. भागीदार मोजकेच असतील तर फिंगरप्रिंट२५६, म्हणजे सर्टिफिकेटचा ठसा, नोंदवून ठेवणं त्याहून सोपं. फक्त नूतनीकरणाला ते बदलतं, तेव्हा नवा ठसा आधी नोंदवून मग जुना काढायचा.

सीएनवरच विसंबायचं असेल तर एक खोच लक्षात ठेवा. सब्जेक्टमध्ये सीएन दोनदा आलं तर नोड स्ट्रिंगऐवजी अ‍ॅरे देतो. इन्क्लूड्स ही मेथड दोन्हींवर चालते, पण अर्थ वेगळा. स्ट्रिंगवर तुकडा सापडला तरी पुरे, अ‍ॅरेवर दोघांपैकी एक नाव जुळलं तरी पुरे. दोन्ही तुम्हाला नको आहेत. आधी ती स्ट्रिंग आहे याची खात्री करा, मग पूर्ण समानता तपासा.

राहिला १४.१७. नुसतं १४.१८.३ वर जाऊन थांबू नका. १४ ची मालिका एप्रिल २०२३ मध्ये बंद झाली, त्यानंतरच्या त्रुटींना तिथे ठिगळही मिळालेलं नाही. आणि सर्व्हर सुरू करणाऱ्या जुन्या स्क्रिप्टमध्ये ‘सिक्युरिटी-रिव्हर्ट’ हा शब्द शोधा. दुरुस्तीमुळे काही मोडलं म्हणून कुणीतरी तो पर्याय घालून ठेवला असेल, तर आवृत्ती नवी असूनही वागणूक जुनीच.

प्रश्न : आमच्याकडे टीएलएस एनजिनएक्सवर (नोडच्या पुढे बसणारा वेब सर्व्हर) संपतं. एनजिनएक्स तपासणीचा निकाल एक्स-एसएसएल-क्लायंट-व्हेरिफाय आणि सर्टिफिकेटचं नाव एक्स-एसएसएल-क्लायंट-डीएन या हेडरमध्ये नोडकडे पाठवतो. हे पुरेसं आहे ना?

उत्तर : पुरेसं होऊ शकतं, पण इथे एनजिनएक्सचा एक नियम बऱ्याच जणांना गोत्यात आणतो. प्रॉक्सी_सेट_हेडरच्या ओळी वरच्या पातळीवरून खाली उतरतात, पण खालच्या पातळीवर त्या प्रकारची एकही ओळ नसेल तरच. सर्व्हर ब्लॉकमध्ये तुम्ही ही दोन हेडरं नीट लिहिलीत. सहा महिन्यांनी कुणीतरी एका लोकेशनमध्ये वेबसॉकेटसाठी अपग्रेड हेडरची एक ओळ घातली. त्या क्षणी त्या लोकेशनपुरत्या वरच्या दोन्ही ओळी गायब झाल्या. आता क्लायंटने स्वतःच त्या नावांची हेडरं पाठवली तर एनजिनएक्स ती पुसत नाही, जशीच्या तशी नोडकडे देतो. व्हेरिफाय ‘सक्सेस’, डीएन हवं ते.

एसएसएल_व्हेरिफाय_क्लायंट ‘ऑप्शनल’ असेल तर सर्टिफिकेट नसलेलाही आत येतो. ‘ऑन’ असेल तर सर्टिफिकेट लागतं, पण एका भागीदाराला दुसऱ्याचं सोंग घेता येतं.

उपाय कंटाळवाणा पण पक्का : हेडरच्या सगळ्या ओळी एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि प्रॉक्सी_पास असलेल्या प्रत्येक लोकेशनमध्ये ती फाइल इन्क्लूड करा. मग प्रत्येक लोकेशनला ही दोन खोटी हेडरं घालून कर्लने विनंती पाठवा आणि नोडच्या बाजूला काय पोचतं ते छापून बघा.

नोडचं पोर्ट बाहेरून दिसता कामा नये, हे वेगळं सांगायला नको असं वाटतं, पण सांगतो. लिसनला फक्त पोर्ट नंबर दिला तर नोड यंत्राच्या सगळ्या इंटरफेसवर ऐकतो. १२७.०.०.१ स्पष्ट लिहा किंवा युनिक्स सॉकेट वापरा. नाहीतर एनजिनएक्सला वळसा घालून थेट ३००० वर आलेला माणूस हवी ती हेडरं लिहू शकतो.

‘ऑप्शनल_नो_सीए’ (सर्टिफिकेट मागायचं, पण ते विश्वासातल्या सीएचंच हवं अशी अट नाही) ठेवून पूर्ण सर्टिफिकेट हेडरमधून नोडकडे पाठवत असाल, तर कुणाचंही वेडंवाकडं सर्टिफिकेट तुमच्या पार्सरपर्यंत पोचतं. सीव्हीई-२०२३-३०५८८ मध्ये अवैध सार्वजनिक किल्ली असलेल्या सर्टिफिकेटमधली किल्लीची माहिती वाचताच अख्खी नोड प्रक्रिया बंद पडत होती. ती १६.२०.१, १८.१६.१ आणि २०.३.१ मध्ये दुरुस्त झाली.

एनजिनएक्सचीही आवृत्ती बघा. एकाच आयपी आणि पोर्टवर अनेक सर्व्हर ब्लॉक असतील, तर टीएलएस १.३ चं सेशन रिझम्प्शन (आधीचं सेशन पुन्हा वापरणं) वापरून एका ब्लॉकचं सेशन दुसऱ्या ब्लॉकवर चालवता येत होतं आणि क्लायंट सर्टिफिकेटची अट टळत होती. ही सीव्हीई-२०२५-२३४१९. दुरुस्ती १.२६.३ आणि १.२७.४ मध्ये, फेब्रुवारी २०२५.

प्रश्न : एका कर्मचाऱ्याचं सर्टिफिकेट रद्द केलं, सीआरएल (रद्द सर्टिफिकेटांची यादी) काढली, तरी त्याचा लॅपटॉप जोडला जातो.

उत्तर : नोड सीआरएल स्वतः आणत नाही, क्लायंटसाठी ओसीएसपीही (सर्टिफिकेट रद्द झालं का हे ऑनलाइन विचारण्याची पद्धत) विचारत नाही. सर्टिफिकेटमध्ये सीआरएलचा पत्ता छापलेला असला तरी तो वाचला जात नाही. फाइल पीईएम (मजकूर) स्वरूपात सीआरएल या पर्यायातून तुम्हीच द्यायची. सीएकडून डीईआर (बायनरी) स्वरूपात मिळाली तर आधी ओपनएसएसएलने बदलून घ्या.

हा पर्याय दिला की साखळीतल्या प्रत्येक पायरीची सीआरएल लागते. मधला सीए असेल तर त्याने काढलेली आणि मूळ सीएने काढलेली, दोन्ही. एक राहिली तर ‘अनेबल_टू_गेट_सीआरएल’ म्हणत सगळेच बाहेर. आणि सीआरएलची मुदत उलटली तर ‘सीआरएल_हॅज_एक्स्पायर्ड’, तेव्हाही सगळेच बाहेर, बहुधा रविवारी पहाटे. मुदतीच्या आधीच नवी फाइल आणणारं क्रॉन (ठरावीक वेळी आपोआप चालणारं काम) ठेवा. सर्व्हर न थांबवता ती लागू करायला सेटसिक्युअरकॉन्टेक्स्ट आहे, पण त्यात किल्ली, सर्टिफिकेट, सीए आणि सीआरएल सगळं पुन्हा द्यावं लागतं. नुसती सीआरएल दिली तर बाकीचं उडतं.

एवढं करूनही लॅपटॉप लगेच तुटणार नाही. चालू असलेलं कीप-अलाइव्ह कनेक्शन पुन्हा तपासलं जात नाही, त्यावरचं ऑथराइज्ड हस्तांदोलनाच्या वेळचंच असतं. सेशन रिझ्यूम झालं तरी साखळी नव्याने तपासली जात नाही. नोडमध्ये सेशनटाइमआउट मुळात ३०० सेकंदांचा आहे, कुणी वाढवला असेल तर तेवढा काळ धोका. ताबडतोब बंद करायचं असेल तर रद्द सर्टिफिकेटांचे फिंगरप्रिंट२५६ एका यादीत ठेवून प्रत्येक विनंतीला तपासा.

प्रश्न : सर्टिफिकेट न देता ओपनएसएसएलच्या एस_क्लायंटने जोडून पाहिलं. ‘व्हेरिफाय रिटर्न कोड : ०, ओके’ आलं. म्हणजे सर्व्हर उघडा आहे का?

उत्तर : नाही. ती ओळ सर्व्हरच्या सर्टिफिकेटबद्दल आहे, तुमच्या नव्हे. टीएलएस १.३ मध्ये क्लायंटच्या बाजूचं हस्तांदोलन सर्व्हरने क्लायंटचं सर्टिफिकेट तपासण्याआधीच पूर्ण होतं. नकार कळतो तो नंतर, पहिल्यांदा काही वाचायला गेल्यावर. म्हणून जोडल्यावर गेटची ओळ, मग होस्ट, मग रिकामी ओळ टाइप करा आणि उत्तर येतं की कनेक्शन तुटतं ते बघा.

तुटण्याचेही दोन प्रकार आहेत. सर्टिफिकेट दिलंच नाही तर ओपनएसएसएलच नकार देतो आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये ‘पीअर डिड नॉट रिटर्न अ सर्टिफिकेट’ दिसतं. चुकीचं दिलं तर ओपनएसएसएलच्या पातळीवर नोड ते चालू देतो आणि नंतर जावास्क्रिप्टच्या बाजूने सॉकेट मोडून टाकतो. क्लायंटला कुठलाही खुलासा मिळत नाही, नुसता ‘ईकॉनरीसेट’ (कनेक्शन तुटलं). भागीदाराकडचे लोक मग फायरवॉलला दोष देत बसतात. सर्व्हरवर टीएलएसक्लायंटएरर हा इव्हेंट ऐका. त्याच्या दुसऱ्या पॅरामीटरमध्ये सॉकेट मिळतं आणि त्यावरच्या ऑथरायझेशनएररमध्ये खरं कारण असतं.

प्रश्न : नोड २४ वर क्लायंट सर्टिफिकेट वापरणारा सर्व्हर दिवसेंदिवस मेमरी खात जातो. हीप (जावास्क्रिप्टची मेमरी) तर स्थिर दिसते.

उत्तर : कोडमध्ये गेटपीअरसर्टिफिकेटला ट्रू हे आर्ग्युमेंट दिलं आहे का ते शोधा. सीव्हीई-२०२५-५९४६४ ही नेमकी हीच गळती आहे. सर्टिफिकेटमधली क्षेत्रं यूटीएफ-८ मध्ये बदलताना घेतलेली मेमरी परत केली जात नव्हती, दर कनेक्शनला थोडी थोडी. ती मेमरी जावास्क्रिप्टच्या हीपबाहेरची, म्हणून हीपच्या स्नॅपशॉटमध्ये सापडत नाही, आरएसएस (प्रक्रियेने व्यापलेली एकूण मेमरी) मात्र चढत राहतो. जानेवारी २०२६ मध्ये ती जाहीर झाली. २४.१३.० किंवा त्यापुढे जा. पूर्ण साखळी खरंच लागत नसेल तर ते ट्रूही काढा, बहुतेकांना फक्त टोकाचं सर्टिफिकेट हवं असतं.

प्रश्न : भागीदार म्हणतो, वेबसाइटसाठी घेतलेलं लेट्स एन्क्रिप्टचं (फुकट सर्टिफिकेट देणारा सार्वजनिक सीए) सर्टिफिकेटच क्लायंट सर्टिफिकेट म्हणून वापरतो. चालेल का?

उत्तर : आधी तुमच्या सर्व्हरमधला सीए हा पर्याय बघा. तो दिलाच नसेल तर नोड मोझिलाची सार्वजनिक सीएंची यादी वापरतो. म्हणजे त्यांतल्या कुठल्याही सीएचं, क्लायंट वापराची मुभा असलेलं कुणाचंही सर्टिफिकेट तुमच्याकडे ‘ऑथराइज्ड’ ठरतं. सीए पर्याय दिला की ती यादी पूर्णपणे बाजूला पडते आणि फक्त तुम्ही दिलेले सीए उरतात. म्हणून तो कायम द्यावा, आणि त्यात घरचाच सीए असावा.

शिवाय ही सोय आता संपतेच आहे. लेट्स एन्क्रिप्टने ११ फेब्रुवारी २०२६ पासून नेहमीच्या सर्टिफिकेटांतून क्लायंट ऑथेंटिकेशनचा वापर वगळण्याचं जाहीर केलं होतं. विस्तारित वापराच्या यादीत फक्त सर्व्हर असलेलं सर्टिफिकेट नोडला दिलं की ‘इन्व्हॅलिड_पर्पज’ येतं. भागीदाराचं सर्टिफिकेट नूतनीकरण होईपर्यंत चालेल आणि त्या दिवशी अचानक बंद पडेल. त्याला तुमच्या सीएकडून क्लायंट वापराचं सर्टिफिकेट काढून द्या. सीएसआर त्याने पाठवावा, खासगी किल्ली त्याच्याच यंत्रावर राहावी, तुम्ही ती तयार करून ईमेलने पाठवू नये.